मावशींची पुडी

सौंदत्तीची यात्रा झाली की खानापुरातल्या माझ्या दवाखान्यात गुडघेदुखीवाल्यांची गर्दी होते. यंदा एका मावशींनी बटव्यातून कागदाची पुडी काढून पुढ्यात ठेवली. "डॉक्टर, ह्यानं चार दिवसांत फरक पडला बघा. घेऊ काय पुढं?"

मावशींना बरं वाटलं, यात शंका नाही. ते कशानं वाटलं, हे मात्र शोधावं लागतं. झिजलेला गुडघा रोज सारखा दुखत नाही, दुखणं चढतं-उतरतं. अगदी असह्य झालं की माणूस औषध शोधायला निघतो. त्यानंतर काहीही न करता ते पुष्कळदा थोडं उतरतंच, आणि त्या आठवड्यात जे घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. तेलाला, पुडीला, माझ्या गोळीलासुद्धा.

अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. झिजलेला गुडघा दुर्बिणीतून साफ करण्याची शस्त्रक्रिया तेव्हा सर्रास होत असे. काहींचा सांधा साफ केला, काहींचा नुसता धुतला आणि काहींच्या कातडीला फक्त चिरा देऊन टाके घातले. असं होऊ शकतं हे आधी सांगून सर्वांची संमती घेतली होती, पण आपल्या वाट्याला काय आलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षं पाहिलं, तर खऱ्या शस्त्रक्रियेचा गुण चिरांपेक्षा जास्त आला नाही. हे वाचल्यापासून मोठ्या इस्पितळातला उपचार म्हणून मी कशालाच सूट देत नाही. मोबाइलवर स्टेम सेल इंजेक्शनची जाहिरात दाखवून 'शेत विकू काय?' असं विचारणाऱ्यांबरोबरही मी हेच शोधतो: तुलना कुणाशी केली, आणि किती दिवस पाहिलं?

पुडीची भीती वेगळी. अशा बिननावाच्या औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. त्यानं सूज झपाट्यानं उतरते, भूक लागते, अंगात बळ आल्यासारखं वाटतं. पुढे चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. शिवाय मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड रोज बनवतात, तसलंच बाहेरून मिळू लागलं की त्या काम सोडतात. मग पुडी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून 'फेकून द्या ती' असं मी पटकन म्हणत नाही.

"कधीपासून घेताय, मावशी?"

"गणपतीपासनं."

चार महिने झाले होते. साखर आणि रक्तदाब तपासला. पुडीऐवजी स्टिरॉइडचीच मोजून गोळी लिहून दिली, ती हळूहळू कमी करत न्यायची आहे. पुढच्या सोमवारी त्यांना परत बोलावलं आहे, लेकाला घेऊन.