मोरचूद, मीठ आणि मंगळाची माती

पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत भौतिकशास्त्र आणि विश्व या विषयावर व्याख्यान झालं. हॉल भरलेला, दारात छत्र्यांचा ढीग. कृष्णविवरं झाली, इस्रोनं १ जानेवारी २०२४ ला सोडलेला क्ष-किरणांचा उपग्रह एक्सपोसॅट झाला. मग प्रश्न. मागच्या बाकावरून एक मावशी उठल्या, "सर, एक्स-रे काढल्यावर ती किरणं अंगात राहत्यात काय हो?" नाही राहत. क्ष-किरण म्हणजे प्रकाशच, फक्त फार आखूड लहरींचा. दिवा मालवला की खोलीत उजेड उरत नाही, तसंच. एका पोरानं मंगळावरची माती कसली असते ते विचारलं, तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं.

माझी हळहळ मात्र वेगळीच. मिठाच्या स्फटिकाची स्लाइड आली आणि अर्ध्या मिनिटात गेली. त्या स्लाइडवर मी तासभर बसलो असतो.

निपाणीकडं जाताना बसच्या खिडकीतून तंबाखूचं रान बघितलं असेल. रोपं उभी-आडवी सारख्या अंतरावर. बस पुढं सरकते तशी एक ओळ क्षणभर थेट बांधापर्यंत उघडते, मिटते, मग तिरकी दुसरीच उघडते. स्फटिकात अणू असेच लावलेले असतात, फक्त एकावर एक थरही असतात.

राँटगेन यांना क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये. पण ते लहरी आहेत की कण, हा वाद पुढं सतरा वर्षं चालला. १९१२ मध्ये म्युनिकला माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी ते किरण एका स्फटिकातून सोडले, मागच्या फोटोच्या काचेवर ठिपके उमटले, म्हणजे त्या लहरीच. तो स्फटिक होता मोरचुदाचा! अथणीकडचे द्राक्षवाले चुन्यात मिसळून फवारतात, तेच मोरचूद.

त्या ठिपक्यांचा साधा हिशोब मांडला लॉरेन्स ब्रॅग या बावीस वर्षांच्या पोरानं. लहर पहिल्या थरावरून थोडी परतते, थोडी आत उतरून दुसऱ्यावरून परतते. दुसरीला जास्त चालावं लागतं. ही जादा चाल बरोबर एका लहरीएवढी असली, तर बाहेर पडताना दोघींची पावलं जुळतात, लेझीम पथकासारखी. मिठाच्या थरांत अंतर ०.२८२ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांची लहर ०.१५४ नॅनोमीटर. किरण थरांशी १५.९ अंशांचा कोन करून आले की पावलं जुळतात.

आणि कोन जरासा चुकला तर? समजा जादा चाल १.०१ लहर झाली. पहिला आणि दुसरा थर तरीही जवळजवळ जुळलेलेच. पण फरक साठत जातो. पन्नास थर खाली गेलं की तो अर्ध्या लहरीचा होतो, म्हणजे एकीचा चढ तिथं दुसरीचा उतार. पहिल्या थराला एक्कावन्नावा खोडतो, दुसऱ्याला बावन्नावा. एक मिलिमीटरच्या खड्यात असे सुमारे ३५ लाख थर. किरण सगळ्यांपर्यंत पोचत नाहीत, पण खोडायला जोडीदार कमी पडत नाही. म्हणून नेमक्या कोनाला लख्ख ठिपका, बाजूला काळोख.

आता जरा किचकट, पण मला राहवत नाही. शेतात टाकतो ते पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, याची रचना मिठासारखीच. तरी ब्रॅगना त्याचं चित्र अधिक सोपं दिसलं. क्ष-किरणांना विखुरतात ते इलेक्ट्रॉन. पोटॅशियमच्या आयनात, म्हणजे विजेचा भार असलेल्या अणूत, ते १८, क्लोराइडमध्येही १८. किरणांना दोन्ही एकसारखेच, त्यामुळं काही ठिपके गायब. सोडियमच्या आयनात १० असल्यानं मिठात ते परत दिसतात. या गैरहजेरीवरून कळलं, की मिठात सोडियम-क्लोरीनची जोडपी नाहीतच. प्रत्येकाला दुसऱ्या जातीचे सहा शेजारी. बापलेक ब्रॅगना १९१५ चं नोबेल मिळालं, पण हेन्री आर्मस्ट्राँग हे जुने रसायनशास्त्रज्ञ १९२७ मध्येही या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीवर चिडून 'नेचर'मध्ये पत्र लिहीत होते.

आमच्याकडं मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकतात, आणि मीठ तडतडलं की "बघ, केवढी दृष्ट लागलेली!" खडेमिठाच्या स्फटिकांत पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात, तापले की वाफ होते, खडा फुटतो. कुणाचीही दृष्ट न लागलेलं मीठ तव्यावर टाकून बघा.

आणि हो, त्या पोराचं उत्तर राहिलं. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी यानानं मंगळावरची चिमूटभर माती स्वतःतल्या उपकरणात घेतली, तिच्यावर क्ष-किरण सोडले आणि कोन मोजले. त्या कोनांवरून फेल्डस्पार, पायरोक्सिन, ऑलिविन ही खनिजं ओळखता आली. पहिली दोन आपल्या चिकोडीकडच्या काळ्या दगडातही भरपूर आहेत.