आयसी ११०१ : दीर्घिका केवढी आणि तिच्याभोवतीचा उजेड केवढा?

"आयसी ११०१ ही साठ लाख प्रकाशवर्षं रुंदीची आकाशगंगा, आपली फक्त एक लाख प्रकाशवर्षं!" हे वाक्य फिरत फिरत पुन्हा समोर आलं. आकाशगंगा एकच, आपली; बाकीच्या दीर्घिका. पण ते राहू द्या, खरा घोळ आकड्यात आहे. त्यात दीर्घिका आणि तिच्याभोवतीचा विरळ उजेड एकच धरलेत.

दीर्घिका ओळखीचीच: लंबवर्तुळाकार, म्हाताऱ्या ताऱ्यांनी भरलेली, अबेल २०२९ या दीर्घिकांच्या समूहाच्या मधोमध, शंभर कोटी प्रकाशवर्षांहून लांब. विल्यम हर्शेलनं १७९० साली शोधली.

अडचण अशी की लंबवर्तुळाकार दीर्घिकेला काठच नसतो. मधला गोळा लख्ख, मग प्रकाश हळूहळू विरत जातो आणि कुठेच थांबत नाही. फोटोसाठी जितका जास्त वेळ प्रकाश गोळा कराल, तितकी ती मोठी दिसते. म्हणूनच अभ्यासक अर्धा प्रकाश जेवढ्या वर्तुळात मावतो त्याची त्रिज्या देतात. मला तेच माप पटतं. १९९० साली या दीर्घिकेभोवतीचा उजेड केंद्रापासून सुमारे वीस लाख प्रकाशवर्षांपर्यंत मोजला गेला, तोही रात्रीच्या आभाळाच्या स्वतःच्या उजेडाहून कितीतरी फिका. ही त्रिज्या आहे, आणि ती उजेडाची आहे.

मग तो उजेड दीर्घिकेचाच का म्हणू नये? याचं उत्तर ताऱ्यांच्या वेगात आहे. एरवी अशा दीर्घिकेत केंद्रापासून दूर जावं तसतसा ताऱ्यांच्या वेगांतला विखुरलेपणा (त्यांचे वेग एकमेकांपेक्षा किती वेगळे, ते) कमी होतो, निदान वाढत तरी नाही. खगोलशास्त्रज्ञ ॲलन ड्रेसलरनं १९७९ साली इथे उलटं मोजलं: बाहेर जाताना तो वाढतो. म्हणजे बाहेरचे तारे या एका दीर्घिकेपेक्षा अख्ख्या समूहाच्या गुरुत्वाकर्षणाला जास्त बांधलेले आहेत. समूहातल्या दीर्घिका एकमेकींजवळून जाताना, एकमेकींत मिसळताना त्यांच्यातून ओरबाडले गेलेले हे तारे. ते समूहाचे आहेत.

सगळ्यात खटकते ती तुलना. आपली आकाशगंगा "फक्त एक लाख प्रकाशवर्षं" म्हणताना आपण तिची तबकडी मोजतो. तबकडीबाहेर, केंद्रापासून काही लाख प्रकाशवर्षांवरही तिचे तुरळक तारे सापडतात. ते मात्र कुणी हिशेबात धरत नाही.