तळघर, मीठ आणि दाराची वीट

जुलैत मावसभावाचा फोन आला. गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्याचं वह्या-पुस्तकांचं गोदाम आहे. "पुठ्ठे वाकायला लागलेत रे, कुबट वास जात नाही. हजार स्क्वेअर फुटांना केवढा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं मशीन, घेऊ?"

मी म्हटलं, आधी बशीत चमचाभर मीठ खाली ठेव. सकाळी बशीत पाणी होतं. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावेल त्याच्या किती टक्के वाफ आहे तो आकडा, साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मिठाला पाणी सुटतं. बुरशीलाही तीच हवा मानवते.

मग भिंतीला फॉइलचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवायला लावला. दोन दिवसांनी फॉइलच्या मागे पाणी दिसलं असतं तर ओल भिंतीतून झिरपतेय, म्हणजे आधी वॉटरप्रूफिंग. पण थेंब पुढच्या बाजूला होते, म्हणजे पाणी हवेतलं. ३० अंश तापमानाची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा २७ अंशांपर्यंत थंड झाली की दव सोडते, आणि जमिनीत गाडलेल्या भिंती साधारण तेवढ्याच गार असतात. त्यामुळे 'खिडक्या उघड, हवा खेळती ठेव' हा घरोघरचा सल्ला पावसाळ्यात अंगाशी येतो.

आता मशीन केवढं? हजार स्क्वेअर फूट, उंची नऊ फूट, म्हणजे सुमारे २५५ घनमीटर हवा. ती ८५ टक्क्यांवरून ५५ वर आणायला काढायचं पाणी किती, तर जेमतेम सव्वादोन लिटर! मलाही पहिल्यांदा हिशोब चुकला असं वाटलं होतं. पण बाहेरची हवा आत येतच राहते. दर दोन तासांनी सगळी हवा बदलत असेल, तर तेच सव्वादोन लिटर दिवसातून बारा वेळा काढायचं, म्हणजे २७-२८ लिटर. स्क्वेअर फुटांपेक्षा दाराच्या फटी महाग पडतात.

खोक्यावरच्या आकड्यावरही जाऊ नका. 'दिवसाला ५० लिटर' हे बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेलं असतं. मशीनमध्ये फ्रिजसारखी थंड कॉइल असते, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन गळते. हवा कोरडी होत गेली की गळणंही मंदावतं. ६० टक्क्यांच्या आसपास तेच मशीन जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून २८ लिटरची गरज असेल तर ५०च्या वरचंच घ्यावं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलवर चालणारी मशीन थंड प्रदेशात बरी, मुंबईत हे थंड कॉइलचं, म्हणजे कंप्रेसरवालंच.

आणि पाण्याची सोय आधी बघा. तळघर गटाराच्या खाली असेल तर नळी टाकून भागत नाही, वर चढवणारा पंप लागतो. नाहीतर बादली भरते, मशीन बंद पडतं, रविवारी गोदामात कोणी नसतं.

भावाने सगळं ऐकलं, मशीन घेतलं, दाराला रबरी पट्टीही लावली. परवा गेलो तर हमालांच्या ये-जा साठी दार उघडं राहावं म्हणून खाली वीट सरकवलेली, आणि आत मशीन घरघरतंय.