पीएचपीतील मॉड्यूल-रचना

पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या वेब ॲप्लिकेशनची कामानुसार केलेली विभागणी. दुकानाच्या ॲप्लिकेशनात ग्राहक, साठा, बिल अशी मॉड्यूल पाडतात. प्रत्येकाचा कोड आणि डेटाबेसमधली टेबले त्याच्या ताब्यात असतात आणि इतरांनी त्याच्याशी ठरलेल्या वाटेनेच बोलायचे असते.

रॅसमस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी जाहीर केली, तेव्हा एक पान म्हणजे एक फाइल असा सरळ मामला होता. सगळीकडे लागणारा कोड वेगळ्या फाइलीत ठेवून ‘इन्क्लूड’ किंवा ‘रिक्वायर’ने ओढून घेत. फाइल सापडली नाही, तर इन्क्लूड इशारा देऊन पुढे जाते आणि रिक्वायर काम तिथेच थांबवते. पण अशी ओढलेली सगळी फंक्शने एकाच आवारात उतरतात. दोन फाइलींत ‘हिशेब’ नावाचे फंक्शन निघाले, की प्रोग्रॅम बंद पडतो. म्हणून नावांना उपसर्ग लावायची चाल पडली. ड्रूपल या वेबसाइट चालवायच्या पीएचपी प्रणालीत तर मॉड्यूलचे नाव आधी जोडलेले फंक्शन पाहूनच कोणत्या मॉड्यूलला हाक मारायची ते ठरे.

२००९ मध्ये पीएचपी ५.३ सोबत नेमस्पेस, म्हणजे नावांसाठी वेगवेगळी आवारे, आले आणि हा गुंता सुटला. ‘दुकान\बिल\पावती’ हा क्लास (डेटा आणि त्यावरची फंक्शने यांचा एकत्र गठ्ठा) बिल फोल्डरातल्या पावती नावाच्या फाइलीत शोधायचा, हा पीएसआर-४ या पीएचपीकारांच्या सामाईक नियमाचा संकेत २०१३ चा. २०१२ मध्ये आलेला कंपोझर, म्हणजे बाहेरची पॅकेजे आणून देणारे साधन, त्यानुसार फाइली आपोआप उचलतो. (देवनागरी क्लासनाव पीएचपीला खरोखरच चालते.) रोमन नावांत मात्र लहानमोठ्या अक्षरांचा घोळ होतो: विंडोजच्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालणारा क्लास लिनक्सच्या सर्व्हरवर सापडत नाही.

फोल्डर वेगळे केले म्हणजे मॉड्यूल झाले, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. क्लासच्या आतल्या गोष्टी ‘प्रायव्हेट’ करता येतात; पण अख्खा क्लास आपल्या मॉड्यूलपुरता राखून ठेवायची सोय पीएचपीत नाही. कोणीही कोणाच्याही घरात शिरू शकतो. खरी घुसखोरी डेटाबेसमध्ये होते. बिलाच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला केलेल्या विचारणेत, साठ्याचे टेबल थेट जोडलेले असते, साठा सांभाळणारा एका रकान्याचे नाव बदलतो आणि बिले निघायची थांबतात. त्याऐवजी साठ्याने ‘शिल्लक किती’ एवढे सांगणारा इंटरफेस, म्हणजे बाहेरच्यांसाठी ठरलेली वाट, द्यावा आणि बिलाने तेवढ्यावरच भागवावे. उलट दिशेने साठ्याला बिलाची खबर हवी असेल, तर ‘बिल झाले’ अशी घटना बिलाने जाहीर करावी आणि साठ्याने ती ऐकावी. नाहीतर दोघे एकमेकांवर अवलंबून राहतात आणि एकाला सोडून दुसऱ्याची चाचणी घेता येत नाही. कोडमधली ही शिस्त डेपट्रॅकसारखे साधन तपासून देते: कोणत्या क्लासने कोणाला वापरायचे याचे नियम लिहून ठेवले, की मोडलेला प्रत्येक नियम ते दाखवते.

मॅजेंटो २ या ऑनलाइन दुकानांच्या पीएचपी प्रणालीत प्रत्येक मॉड्यूल आपली नोंद स्वतः करते आणि कोणत्या मॉड्यूलनंतर आपण लोड व्हायचे तेही सांगते. सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कने (ॲप्लिकेशनच्या तयार सांगाड्याने) मात्र २०१७ च्या चौथ्या आवृत्तीपासून ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या कोडसाठी ‘बंडल’ (सिम्फनीतले मॉड्यूल) न करण्याचा सल्ला दिला; वेगवेगळ्या ॲप्लिकेशनांत वाटून वापरायच्या कोडसाठीच ते ठेवले.