पंचवीस दिवसांचा अतिवाहक

२२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी दोन शोधनिबंध, तज्ज्ञांकडून तपासले जाण्यापूर्वीच, ‘अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर खुले केले. शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांपासून तयार केलेला ‘एलके-९९’ हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाखाली, अगदी १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहतो, असा त्यांचा दावा होता. पुराव्यादाखल त्यांनी एक चित्रफीतही दाखवली होती. तिच्यात त्या पदार्थाचा लहानसा तुकडा चुंबकावर एका बाजूने उचलला गेलेला दिसत होता. त्याची दुसरी कड मात्र चुंबकाला टेकलेलीच होती.

अतिवाहकात विजेच्या प्रवाहाला काहीही रोध होत नाही, त्यामुळे ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जात नाही. १९११ मध्ये हाइके कामरलिंग ओन्नेस यांना हा गुणधर्म पाऱ्यात आढळला, पण त्यासाठी पारा शून्याखाली २६९ अंशांपर्यंत थंड करावा लागला होता. १९८७ मध्ये इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडने ही मर्यादा शून्याखाली १८० अंशांपर्यंत वर आणली आणि तुलनेने स्वस्त अशा द्रवरूप नायट्रोजनवर काम भागू लागले. त्यानंतर याहून बऱ्याच वरच्या तापमानाला अतिवाहक होणारे पदार्थ सापडले खरे, पण ते हवेच्या दाबाच्या दहा लाख पटींहून अधिक दाबाखालीच तसे वागतात. त्यामुळे ना थंडावा, ना दाब असा अतिवाहक हाती येणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि लोकांचा उत्साह मला तरी भाबडा वाटत नाही.

त्या उत्साहाला कृतीच्या सोपेपणाची जोड मिळाली. शिशाचे एक सल्फेट संयुग आणि तांब्याचे फॉस्फाइड एकत्र करून निर्वात नळीत ९२५ अंशांवर काही तास तापवायचे, एवढेच शोधनिबंधात सांगितले होते. विद्यापीठांबरोबर हौशी मंडळींनीही भट्ट्या पेटवल्या, काहींनी आपल्या प्रयोगांचे थेट प्रक्षेपण केले, आणि दक्षिण कोरियात अतिवाहकांशी दूरान्वयाने संबंध असलेल्या कंपन्यांचे समभागही वधारले. याच सुमारास अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून एक सैद्धांतिक गणन प्रसिद्ध झाले. अशा रचनेत अतिवाहकतेला पोषक असे इलेक्ट्रॉनचे ऊर्जास्तर असू शकतात, इतकेच त्यात म्हटले होते. समाजमाध्यमांवर मात्र त्याचा अर्थ ‘शोधावर शिक्कामोर्तब’ असा लावला गेला.

खरी गफलत तरंगण्याच्या अर्थाविषयी होती. अतिवाहक आपल्या आतील चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटतो, हे माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवले; चुंबकावर तो अधांतरी राहतो तो त्यामुळेच. पण ग्राफाइटसारखा साधा प्रतिचुंबकीय, म्हणजे चुंबकापासून किंचित दूर लोटला जाणारा, पदार्थही बलवान चुंबकावर तरंगतो, आणि लोहचुंबकीय, म्हणजे लोखंडाप्रमाणे चुंबकाकडे ओढले जाणारे, कण मिसळलेला चपटा तुकडा एका कडेवर उभा राहू शकतो. पेकिंग विद्यापीठातील संशोधकांनी स्वतः बनवलेल्या नमुन्यांतील अर्धवट तरंगण्याचे स्पष्टीकरण या लोहचुंबकत्वातून दिले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या नमुन्यातही अतिवाहकता आढळली नाही.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. मूळ मोजमापात १०४ अंशांच्या आसपास रोध एकाएकी घसरत होता, तो का? याचे उत्तर कृतीतच दडलेले निघाले. कच्च्या मालातील गंधक आणि तांबे यांच्या संयोगाने भट्टीत तांब्याचे सल्फाइडही तयार होते, आणि नेमक्या याच तापमानाला त्याची स्फटिकरचना बदलून रोध मोठ्या प्रमाणात उतरतो. ही गोष्ट जुन्या रसायनशास्त्रीय साहित्यात नोंदलेली होती. त्या घसरणीचे मूळ अशा प्रकारे एलके-९९ मध्ये नसून त्यातील भेसळीत होते.

ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे दाव्यानंतर अवघ्या पंचवीस दिवसांत, या कोड्याचा उलगडा झाल्याचे जाहीरपणे मांडले गेले. विज्ञानाच्या नेहमीच्या चालीने पाहता हा वेग थक्क करणारा आहे, आणि त्याचे काही श्रेय त्या गोंगाटालाही द्यावे लागेल, कारण इतके हात एकाच कृतीमागे एरवी लागले नसते. जर्मनीत श्टुटगार्ट येथील माक्स प्लांक संस्थेने तर गंधकाला वावच राहणार नाही अशा वेगळ्या पद्धतीने एलके-९९ चे शुद्ध स्फटिक वाढवले. ते करडे नव्हते, पारदर्शक जांभळे होते, आणि त्यांचा रोध लक्षावधी ओहम भरला.