वळणाची किंमत: २०० मीटरच्या बंदिस्त धावपट्टीचे भौतिकशास्त्र

१९ फेब्रुवारी २०२३ रोजी नेदरलँड्समधील आपेल्डोर्न येथे त्या देशाच्या राष्ट्रीय इनडोअर ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत फेम्के बोल हिने ४०० मीटरचे अंतर ४९.२६ सेकंदांत पार केले. चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्राटोच्विलोव्हा हिने मार्च १९८२ मध्ये मिलान येथे नोंदवलेला ४९.५९ सेकंदांचा जागतिक इनडोअर विक्रम त्या दिवशी, जवळजवळ ४१ वर्षांनी, मोडला गेला. असा विक्रम एखाद्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेत व्हावा ही मोठीच गोष्ट आहे. पण ती किती मोठी आहे हे नीट समजून घ्यायचे असेल तर बोलच्या पायांइतकेच त्या पायांखालच्या धावपट्टीकडेही पाहावे लागते.

मैदानावरील धावपट्टीची एक फेरी ४०० मीटरची असते, तर छताखालच्या धावपट्टीची २०० मीटरची. म्हणजे ४०० मीटरच्या शर्यतीत बाहेर दोन वळणे लागतात, तर आत चार. मात्र खरा फरक वळणांच्या संख्येपेक्षा त्यांच्या आखूडपणात आहे. मैदानावरील प्रमाणित वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर असते. बंदिस्त धावपट्टीवर आतल्या कडेची त्रिज्या साधारण १७ मीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी असते. वळणावर धावणाऱ्या शरीराला सतत केंद्राच्या दिशेने खेचणारे अभिकेंद्री बल लागते. हे बल वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे त्रिज्या निम्मी झाली की तोच वेग टिकवण्यासाठी दुप्पट बल लागते. बोलचा त्या शर्यतीतील सरासरी वेग सेकंदाला ८.१ मीटर होता. या वेगाने आतल्या वळणावर धावताना शरीर उभ्या रेषेपासून सुमारे २१ अंश कलते. मैदानावर हाच कल १० अंशांच्या आसपास राहतो.

एकवीस अंशांचा कल सपाट जमिनीवर सांभाळणे फार अवघड आहे. पाऊल बाहेर घसरू पाहते, घोटा आतल्या बाजूला वाकतो आणि डाव्या पायावर वेडावाकडा ताण येतो. म्हणून बंदिस्त धावपट्टीची वळणे बाहेरच्या बाजूने उचललेली असतात, घाटातल्या रस्त्याला वळणावर उतार दिलेला असतो तशीच. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हा उतार सुमारे १० अंशांचा असतो आणि नियमांनुसार तो १५ अंशांपेक्षा जास्त नसावा. गणित मांडून पाहिले तर या १० अंशांमागचा विचार लक्षात येतो. एकवीसमधून दहा वजा केले की पृष्ठभागाच्या सापेक्ष अकरा अंशांचा कल उरतो, म्हणजे मैदानावर या वेगाला पावलाला जेवढा तिरपेपणा सोसावा लागतो जवळपास तेवढाच. त्याहून जास्त उतार दिला तर मंद गतीने धावणाऱ्याची पंचाईत होते, कारण सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा कमी वेग असलेल्या धावपटूला १० अंशांचा उतारसुद्धा आतल्या बाजूला लोटू लागतो.

येथे एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. उतार दिला की वळणाचा त्रास संपला, असे अनेकांना वाटते. पण उतारामुळे फक्त बलाची दिशा पावलाला सोयीची होते, बल कमी होत नाही. गुरुत्वाकर्षण आणि वळणाची गरज यांची बेरीज पायांनाच पेलावी लागते. बोलच्या वेगाला ही बेरीज तिच्या वजनापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त भरते, तर मैदानावर हीच वाढ २ टक्क्यांहून कमी असते. साठ किलोच्या धावपटूला प्रत्येक वळणावर सुमारे चार किलो जादा वजन अंगावर घेऊन, तेही पूर्ण वेगात, धावावे लागते.

या जादा वजनाने माणूस नेमका का मंदावतो, याचा उत्तम अभ्यास लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधील जेम्स अशरवुड आणि ॲलन विल्सन यांनी केला. त्यांनी २००५ मध्ये ग्रेहाउंड जातीच्या शर्यतीच्या कुत्र्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. वळणावर या कुत्र्यांच्या पायांवरील भार सुमारे ६५ टक्क्यांनी वाढतो, तरीही त्यांचे पाऊल जमिनीवर टेकून राहण्याचा काळ बदलत नाही आणि वेगही घटत नाही. माणसाचे तसे होत नाही. वेगवान धावपटूचा पाय जमिनीवर जेवढे बल लावू शकतो त्याला मर्यादा आहे आणि पूर्ण वेगात तो त्या मर्यादेच्या अगदी जवळ काम करत असतो. भार वाढला की तेवढाच आधार मिळवण्यासाठी पाऊल जमिनीवर अधिक वेळ टेकवावे लागते. पाय हवेतून पुढे आणण्याचा काळ मात्र फारसा बदलत नाही, त्यामुळे एकूण गती मंदावते. या विचाराच्या आधारे या दोघांनी इनडोअर स्पर्धेतील २०० मीटरच्या निकालांचे स्पष्टीकरणही दिले. नामिबियाचा फ्रँकी फ्रेडरिक्स १९९६ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधील लिएव्हाँ येथे छताखाली २०० मीटर १९.९२ सेकंदांत धावला आणि त्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिकमध्ये मैदानावर १९.६८ सेकंदांत. धावणारा तोच होता, वर्षही तेच होते. पाव सेकंदाचा हा फरक संपूर्णपणे वळणांमुळे पडला असे म्हणता येणार नाही, परंतु त्यात वळणांचा वाटा मोठा आहे यात मला शंका वाटत नाही.

वळण आखूड असल्याचा आणखी एक परिणाम स्पर्धेच्या न्याय्यतेवर होतो. आतल्या मार्गिकेत त्रिज्या १७ मीटर असली तर सर्वांत बाहेरच्या सहाव्या मार्गिकेत ती २२ मीटरच्या आसपास जाते, त्यामुळे पहिल्या मार्गिकेतील धावपटूला सहाव्यापेक्षा सुमारे तीस टक्के जास्त अभिकेंद्री बल लागते. कोणती मार्गिका वाट्याला आली यावर निकाल इतका अवलंबून राहू लागला की २००४ नंतर जागतिक इनडोअर स्पर्धेतून २०० मीटरची शर्यतच वगळण्यात आली. हा निर्णय मला योग्य वाटतो.

४०० मीटरची शर्यत मात्र टिकली, कारण तिच्यात पहिली दोन वळणे आपापल्या मार्गिकेत धावल्यानंतर सर्वांना आत येण्याची मुभा असते. तिथे जी सर्वांत पुढे असेल तिला आतली कड मिळते. उरलेल्यांना तिला मागे टाकायचे असेल तर वळणावर बाहेरून जावे लागते, आणि एक मीटर बाहेरून अर्धवर्तुळ पूर्ण करताना ३.१४ मीटर अंतर जास्त कापावे लागते. सेकंदाला आठ मीटर वेगाने याची किंमत सुमारे ०.३९ सेकंद होते. म्हणूनच या शर्यतीत पहिली फेरी जिवाच्या आकांताने धावली जाते आणि दुसऱ्या फेरीत थकलेल्या पायांनी तोच भार पुन्हा पेलावा लागतो. बोलच्या धावण्याचे कौतुक मला सर्वांत जास्त इथे वाटते. आतली कड मिळवण्यासाठी सुरुवातीला वेग खर्च करूनही शेवटच्या वळणावर तिची पावले विस्कटत नाहीत. दुसरी आलेली तिचीच सहकारी लिके क्लावर ५०.३४ सेकंदांत पोहोचली. स्पर्धेत एवढे अंतर फार मोठे असते.

पायांखालच्या पृष्ठभागाचाही विचार करावा लागतो. हार्वर्ड विद्यापीठातील टॉमस मॅकमहॉन आणि पीटर ग्रीन यांनी १९७० च्या दशकात पायाच्या लवचीकतेशी जुळणारी इनडोअर धावपट्टी तयार करवून घेतली. पृष्ठभाग फार कडक असला तर दुखापती वाढतात आणि फार मऊ असला तर पाऊल रुतून वेळ जातो. योग्य लवचीकता साधली की वेग दोन-तीन टक्क्यांनी वाढतो, असे त्यांनी दाखवले.

हवेचा परिणाम मात्र संमिश्र आहे. छताखाली वारा नसल्यामुळे वाऱ्याच्या मदतीचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु हिवाळ्यात शून्य अंशाची हवा वीस अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते आणि जोरात श्वास घेणाऱ्यांची श्वासनलिका कोरडी पडते. शर्यतीनंतर धावपटूंना येणारा कोरडा खोकला यातूनच येतो. उंचावरच्या शहरात वेगळाच फायदा होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवरील अमेरिकेतील अल्बुकर्क येथे हवेची घनता जवळपास १५ टक्क्यांनी कमी असते. तेथील राष्ट्रीय इनडोअर स्पर्धेत ख्रिश्चन कोलमन २०१८ मध्ये ६० मीटर ६.३४ सेकंदांत धावला, तर ग्रँट हॉलोवे याने २०२४ मध्ये प्राथमिक फेरीतच ६० मीटर अडथळ्यांची शर्यत ७.२७ सेकंदांत पूर्ण करून जागतिक विक्रम केला. या दोन्ही शर्यती सरळ धावपट्टीवर होतात, त्यांत वळण येतच नाही.

भारतात बंदिस्त धावपट्टी ही अलीकडची गोष्ट आहे. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियममध्ये अशी सोय झाली आहे. तोपर्यंत आपल्या धावपटूंना या वळणांचा सराव परदेशातच करावा लागत होता. महाराष्ट्राच्या तेजस शिरसेने अडथळ्यांच्या शर्यतीतील राष्ट्रीय इनडोअर विक्रम युरोपातील स्पर्धांमध्ये सुधारला. त्याच्या ६० मीटरच्या शर्यतीला वळणाची अडचण नाही. गुलवीर सिंगने मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये बोस्टन येथे ५००० मीटरचे अंतर १२ मिनिटे ५९.७७ सेकंदांत पूर्ण केले, तेव्हा त्याने २५ फेऱ्यांमध्ये ५० वळणे घेतली. सेकंदाला ६.४ मीटर वेगाने आवश्यक कल सुमारे १४ अंशांचा होतो, त्यातले १० अंश प्रमाणित उतारच पेलतो आणि पावलाच्या वाट्याला केवळ चार अंश उरतात. लांब पल्ल्याच्या धावपटूला हा उतार ४०० मीटरच्या धावपटूपेक्षा जास्त सोयीचा ठरतो तो यामुळेच.