बॅटरीवरचं वेल्डिंग: आधी बॅटरी, प्लग नंतर आला

हल्ली खांद्याला अडकवून न्यायचं बॅटरीचं वेल्डिंग मशीन बघितलं की बऱ्याच जणांना वाटतं काहीतरी एकदम नवीन निघालंय. पण आर्क वेल्डिंग, म्हणजे दोन टोकांमधल्या फटीत विजेची ठिणगी सलग पेटती ठेवून (हाच आर्क) तिच्या उष्णतेने धातू जोडणं, सुरू झालं तेच बॅटरीवर, आणि हा भाग कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

१८०२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला वासिली पेत्रोव्हने तांब्या-जस्ताच्या ४२०० चकत्या रचून बॅटरी बनवली आणि कोळशाच्या दोन तुकड्यांमध्ये सलग आर्क धरून दाखवला, त्यात धातू वितळतो हेही त्याने लिहून ठेवलं. तरी जोडकामाला त्याचा उपयोग व्हायला जवळपास ऐंशी वर्षं गेली. १८८१ च्या सुमाराला फ्रान्समध्ये ऑग्युस्त द मेरितांने कार्बन आर्कने शिशाच्या प्लेटा जोडल्या, त्याही बॅटरीच्याच! मग निकोलाय बेनार्दोस आणि ओल्शेव्स्की आले, त्यांनी कार्बन आर्क वेल्डिंगचं १८८५ ला ब्रिटिश पेटंट घेतलं, १८८७ ला अमेरिकन. बेनार्दोसची युक्ती मला फार आवडते, कारण कार्बनचा रॉड कामाला टेकवला की क्षणभर शॉर्ट झाल्यासारखा करंट ओढला जातो आणि तेव्हाच्या डायनॅमोला तो झटका झेपत नव्हता, म्हणून डायनॅमोने नुसत्या बॅटऱ्या चार्ज करायच्या आणि झटका बॅटऱ्यांनी सोसायचा.

१८८८ मध्ये स्लाव्यानोव्हने धातूचाच रॉड वापरून थेट जनरेटरवर वेल्डिंग केलं आणि बॅटरी बाजूला पडली. पुढे जड ट्रान्सफॉर्मर आले, लाईट नसेल तिथे पेट्रोल नाहीतर डिझेलचा जनरेटर. रेल्वेच्या रुळांसाठी तर थर्मिट (ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या ऑक्साईडची पूड पेटवून जोडणं) होतंच, त्याला वीजच लागत नाही.

बॅटरी जिवंत ठेवली ती आडरानात गाडी घालणाऱ्या जीपवाल्यांनी. एक्सल किंवा ब्रॅकेट तुटलं की गाड्यांच्या १२ व्होल्टच्या दोन-तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या, २४ किंवा ३६ व्होल्ट मिळतात, आर्क चालू राहायला साधारण वीस-पंचवीस व्होल्ट लागतात त्यामुळे काम भागतं, तीन असतील तर रॉड चटकन पेटतो. पण यात करंट कमी-जास्त करायला काही नाही, आणि लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली तर बॅटरी फुटते, म्हणून बॅटऱ्या कामापासून लांब आणि झाकूनच ठेवायच्या, यात अजिबात हयगय नको.

खरा फरक दोन गोष्टींनी पडला. एक इन्व्हर्टर (घरातला नव्हे, वेल्डिंग मशीनमधला विजेची फ्रिक्वेन्सी वाढवणारा इलेक्ट्रॉनिक भाग), फिनलंडच्या केम्पी कंपनीने १९७७ मध्ये हिलार्क २५० हे तसलं मशीन काढलं. फ्रिक्वेन्सी वाढवली की ट्रान्सफॉर्मर एवढासा पुरतो, वजन उतरतं, करंटही नीट सेट करता येतो. दुसरी लिथियम बॅटरी, कमी वजनात जास्त वीज आणि एकदम मोठा करंट द्यायची ताकद. ही दोन्ही एकत्र करून ऑस्ट्रियाच्या फ्रोनियस कंपनीने २०१३ च्या सुमाराला ॲक्यूपॉकेट हे बॅटरीचं मशीन आणलं, वजन ११ किलोच्या आसपास, आणि एका चार्जिंगवर २.५ एमएमचे साधारण १८ रॉड. आता ईसॅब या वेल्डिंग कंपनीचं एक मशीन तर ड्रिलला लावतात तसल्या काढ-घाल बॅटऱ्यांवर चालतं.

आपल्याकडे शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीने येते, आणि ट्रॉलीचा हुक तुटतो तो नेमका शेतात. तिथे चार-पाच रॉडचं काम असतं, तेवढं यात आरामात होतं. अख्खं गेट बनवायला घेतलं तर मात्र अर्ध्यातच चार्जिंगला लावावं लागेल, आणि किंमत अजून गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला परवडेल अशी नाहीये.